कारणाचा रकाना

‘आपल्या सेवेतील यशाचे क्षण’ या विषयावर दिवाळी अंकासाठी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात खाटेवर पाय पसरून बसलो होतो. एकतीस वर्षं मी लोणारजवळच्या बीबी गावात एका धान्य गोदामात गोदामपाल होतो. गोदामपालाच्या आयुष्यात यशाचा क्षण म्हणजे ज्या दिवशी काहीच झालं नाही तो दिवस. असे दिवस पुष्कळ होते, पण त्यांच्यावर लेख कसा होणार? म्हणून जे झालं तेच लिहितो.

लेखक म्हणून मी अगदीच नवखा नाही, हे मात्र आधी सांगून ठेवतो. माझं एक वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की कोणत्याही नामवंत लेखकाला हेवा वाटावा. ते असं: ‘सदर इसम स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पाय घसरून पडला.’

हे वाक्य अपघात रजिस्टरातलं. गोदामात कुणाला इजा झाली की त्या रजिस्टरात नोंद करायची. तारीख, नाव, कामाचं स्वरूप, दुखापत, कारण आणि शेवटी शेरा, असे रकाने. दुखापतीचा रकाना ऐसपैस, चार बोटं रुंद. मोडलेल्या हाडाचं वर्णन करायला कुणाची ना नव्हती. कारणाचा रकाना मात्र दीड बोटाचा. ते रजिस्टर छापणाऱ्याला जगाचा चांगला अनुभव असावा. मी रुजू झालो त्या दिवशी माझ्या आधीच्या गोदामपालांनी किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर हे वाक्यही माझ्या ताब्यात दिलं. म्हणाले, “इंगळे, पाठ करून टाका. बारीक अक्षर काढलं की तीन ओळीत बसतं. दुसरं कोणतंच कारण त्यात बसत नाही, मी बसवून पाहिलंय.”

आता बाहेरच्या वाचकांसाठी धंदा थोडा समजावून सांगतो. गोदामात धान्याची पोती एकावर एक रचून ठेवतात. त्या रचाईला थप्पी म्हणतात. माल आला की ट्रकमधून उतरवून थप्पी लावायची, माल निघाला की थप्पी मोडून ट्रक भरायचा. ट्रकच्या उंचीचा सिमेंटचा ओटा असला तर हमाल सपाट चालत जाऊन पोतं ठेवतो. आमच्या गोदामालाही ओटा होता, पण तो नकाशात होता. प्रत्यक्षात जमिनीपासून ट्रकपर्यंत एक सागवानी फळी तिरपी टेकवलेली असायची. नऊ-दहा हात लांब आणि वीत-दीड वीत रुंद. पाठीवर पोतं घेऊन हमालानं तिच्यावरून चढायचं, पोतं टाकायचं, मोकळ्या अंगानं उतरायचं आणि पुन्हा पोतं घ्यायचं. ट्रक जसजसा भरत जातो तसतशी फळी वर सरकवावी लागते आणि चढ वाढत जातो. म्हणजे हमाल जितका दमतो तितकी वाट अवघड होत जाते. ही पद्धत ज्याने शोधून काढली त्याचा सत्कार अजून कसा झाला नाही, कळत नाही.

लोकांना वाटतं हमाली म्हणजे ताकद. आमच्या टोळीतला सर्वांत चांगला हमाल कादर शेख. पाच फुटांहून जेमतेम उंच आणि अंगावर मांस म्हणाल तर नावाला. टोळीतले त्याला कादरभाई म्हणत. मी साहेब असल्यामुळे नुसता कादर म्हणायचो, वयानं आम्ही बरोबरीचे असलो तरी. त्याला मी एकदा विचारलं की फळीवर चढायचं गमक काय. तो म्हणाला, “बाबू, फळी लचकते. थे खाली जाते आन वर येते. वर येतानी पाय टाकला तं थे तुमाले उचलून देते. खाली जातानी टाकला तं सोडून देते. पहिले अंगठा टेकवाचा, त्याले इचाराचं. त्यानं हाव म्हटलं तं मंग टाच.”

चोवीस वर्षांत कादरच्या पाठीवरचं एकही पोतं जमिनीला लागलं नव्हतं. हे मी सांगत नाही, सारी बीबी सांगायची. लोणारच्या बाजारातल्या टोळ्यांनाही ते ठाऊक होतं. कुणाच्या लग्नात नव्या पाहुण्यांशी त्याची ओळख करून देताना लोक त्याच्या बापाचं नाव सांगायच्या आधी म्हणायचे, “हे आपले कादरभाई. याईचं पोतं अजून पडलं नाही.” कादर त्यावर मान खाली घालून हसायचा. त्याच्या नावावर शेती नव्हती, घर बायकोच्या माहेरच्यांनी दिलेलं होतं. स्वतःचं म्हणून त्याच्याकडे एवढं एकच होतं, न पडलेलं पोतं.

बाकीचे मात्र पडायचे. दाण्यांवरून पडायचे. पोती फाटतात, दाणे फरशीवर सांडतात आणि सांडलेल्या दाण्यांचेही स्वभाव असतात. हरभऱ्याला चोच असते, तो पायाखाली आला तर टोचतो, पण घरंगळत नाही. तूर थोडी फसवी. सोयाबीन मात्र गोल, गुळगुळीत आणि निर्दय. ते पायाखाली आलं की माणूस उभा राहत नाही, प्रवासाला निघतो. फरशी झाडायला एक पद मंजूर होतं. माणूस मंजूर नव्हता.

एकदा लोणारकडचे एक शेठ आपला माल मोजायला आले. पायात पांढरी शुभ्र चप्पल, हातात मोबाईल. “इंगळे, थप्पी कमी दिसते” म्हणेपर्यंत ते सोयाबीनवरून थेट तुरीच्या थप्पीपाशी पोहोचले, तेही बसून. फार काही झालं नाही, कोपर खरचटलं आणि धोतर फाटलं. पण वरच्या कार्यालयातून अर्ध्या तासात तीन फोन आले. त्या दिवशी मी ग्राहकांच्या वहीत जे लिहिलं ते माझं दुसरं गाजलेलं वाक्य: ‘फरशीवर दाणे सांडलेले असल्यामुळे माननीय शेठजींचा तोल गेला.’ तुळशीराम मुकादम, म्हणजे टोळीचा प्रमुख, शेजारी उभा होता. मी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. तो शांतपणे म्हणाला, “बाबू, आमच्या टायमाले हे दाने कुठं जातेत?”

मी हसलो. आम्ही सगळेच हसलो. चहा सांगितला.

शेठच्या कोपरामुळे वरच्या कार्यालयाला सुरक्षेची आठवण झाली आणि सुरक्षा अधिकारी म्हणून एक साहेब पाहणीला आले. ते गुरुवारी आले. आमच्याकडे येणारे सगळेच साहेब गुरुवारी येत, कारण जिल्ह्यात आलोच आहोत तर शेगावला दर्शन होतं. उरलाच वेळ तर लोणारचं सरोवर. या दोन्हींमध्ये आमचं गोदाम कुठेतरी बसवावं लागे. साहेबांनी हेल्मेटं आणली होती. पोतं मानेवर आणि पाठीवर घेतात, तिथं हेल्मेट घातलं तर पोतं कुठं ठेवायचं हा प्रश्न कुणी विचारला नाही. शिवाय आमच्याकडे वरून काही पडत नव्हतं, माणूसच वरून पडत होता. बूटही होते, जाड तळव्याचे आणि सगळे नऊ नंबरचे. कादरनं त्यात पाय घातले, दोन पावलं टाकली आणि मला हळूच म्हणाला, “बाबू, याच्यात मी हावो, पन माहे पाय नाहीत.”

मग साहेबांनी वजन कसं उचलावं ते करून दाखवलं. पाठ ताठ, गुडघे वाकवलेले, वजन अंगाजवळ. खोटं कशाला बोलू, माणूस अभ्यासू होता आणि सांगत होता ते बरोबर होतं. टोळीनं मन लावून ऐकलं. शेवटी कादरनं हात वर केला.

“साहेब, सांगून राह्यले थे बराबर हाय. पन आमाले पोतं भुईवरून उचलाच लागत नाही. दोघं जन पाठीवर देतेत. आमाले चढाचं हाय. थ्या फळीवर कसं चढाव, थे सांगा.”

साहेबांनी फळीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, “फळीचा भाग आपण पुढच्या सत्रात घेऊ.” हेल्मेटं घालून सगळ्यांचा फोटो निघाला आणि साहेब शेगावला रवाना झाले. पुढचं सत्र झालं नाही. हेल्मेटांपैकी एकात मी पुढे कितीतरी वर्षं दाभणं आणि सुतळीची बंडलं ठेवत होतो. फार सोयीचं होतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटत असेल की हा इंगळे मोठा स्पष्टवक्ता दिसतो, सगळ्यांची सालं काढतोय. जरा थांबा. आता माझी पाळी आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, ड्रायव्हर ट्रकला हार घालतो आणि आमची टोळी फळीची पूजा करायची. गोदाम झाडून घ्यायचं, वजनकाटा, पोती ओढायचे आकडे आणि फळी मांडायची, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, बाजूला दगडावर नारळ फोडायचा. गोदामपाल या नात्यानं पूजेचा मान माझा. कादर दरवर्षी धुतलेला शर्ट घालून यायचा, मागे उभा राहायचा, दोन्ही हातांनी पेढा घ्यायचा आणि टोळीतल्या सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायचा. कुणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

त्या वर्षी फळी नवी कोरी आली होती. तीन वर्षं मागणीपत्रं पाठवल्यावर आलेली, कोरडी आणि पांढरट. तिच्याकडे पाहून माझा जीव कळवळला. माझे वडील खंडेनवमीला विळा आणि वखराची पास तेलानं पुसून लखलखीत करायचे, ते मला आठवलं. तेल लोखंडाला लावतात, पाय देऊन चढायच्या फळीला नाही, हा फरक कळण्याइतकं माझं शिक्षण नव्हतं. मी नुसता बी.कॉम. होतो. घरून तांब्याभर जवसाचं तेल आणलं आणि मंत्र पुटपुटत फळीला अथपासून इतिपर्यंत चोळलं. फळी अशी काही चमकली की तुळशीराम मुकादमानंही मान डोलावली. मी म्हणालो, “वर्षभर तुमचं ओझं सोसणार आहे ती. एक दिवस तिचे लाड करू द्या.”

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी सोयाबीनचा ट्रक भरायचा होता. हंगाम ऐन भरात, ड्रायव्हर हॉर्न वाजवत उभा, मी टेबलाशी बसून पावत्या फाडतोय. कादर फळीपाशी गेला, अंगठा टेकवला आणि माझ्याकडे आला.

“बाबू, फळीनं तेल पेलं नाही अजून. वल्ली हाय. राख टाकू का वरून?”

“पूजेच्या फळीवर राख?” मी पावतीवरून मान वर केली. “दसरा होऊन एक दिवस नाही झाला अन् तू राख टाकतो? अपशकुन करतो का बे?”

त्यानं एकदा फळीकडे पाहिलं. मग म्हणाला, “नाही टाकत.”

एवढंच. वाद नाही, चढा आवाज नाही. परत जाऊन त्यानं तुळशीरामला सांगितलं, “बाकीच्याईले थांबव. पहिले मी जातो, फळी पाहून घेतो.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ऐकून पुढची पावती फाडली.

तीन खेपा तो व्यवस्थित गेला. चौथ्या खेपेआधी फळी वर सरकवली. मी खाली मान घालून लिहीत होतो, त्यामुळे पडताना मी त्याला पाहिलं नाही. आवाज ऐकला. आवाज एकच झाला, कारण त्यानं पोतं सोडलंच नव्हतं. ते घेऊन तो खाली आला होता. पोतं फुटून सोयाबीन चारी दिशांना पसरलं आणि त्याला उचलायला धावलेले दोघेजण त्यावरून घसरून त्याच्या शेजारीच पडले. दुसऱ्या कुणाच्या गोदामात हे घडलं असतं तर मी हसलो असतो. कादर ओरडला नाही. पोत्याकडे बघत होता. “फुटलं,” एवढं म्हणाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याला आधी मेहकरला नेलं, तिथून पुढे जालन्याला. दुपारी वरच्या कार्यालयातून फोन आला.

“इंगळे, काय झालं?”

“हमाल पडला साहेब. फळीवरून.”

“फळी जुनी होती का?”

“नाही साहेब, नवीन होती.”

“मग फळीला काही झालं होतं का?”

आता इथं कुणी थोर माणूस असता तर म्हणाला असता, होय, मी तिला तेल चोपडलं होतं आणि राख टाकू दिली नाही. माझी पदोन्नती सहा महिन्यांवर होती. मी म्हणालो, “फळी चांगली होती साहेब.”

“मग लिहून टाका नेहमीचं.”

नेहमीचं लिहून टाकलं. बारीक अक्षर, तीन ओळी. साक्षीदार म्हणून तुळशीरामची सही घेतली. सही करताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. मग मी तुळशीरामला सांगितलं, “फळीवर राख टाक. चांगली दाबून चोळ.” त्या दिवशीचा ट्रक वेळेत गेला. पदोन्नतीही वेळेत झाली, गोदामपालाचा वरिष्ठ गोदामपाल झालो, टेबल तेच राहिलं.

कादर सात-आठ महिन्यांनी काठी टेकत परत आला. त्याच्यापुरती फळी संपली होती. टोळीनं त्याला पोत्यांची तोंडं शिवायचं काम दिलं. दाभण-सुतळी घेऊन तो दाराशी बसायचा. आल्या दिवशी त्यानं मला सलाम केला, माझ्या मुलांची चौकशी केली. मला वाटलं, चला, मिटलं.

मिटलं नव्हतं. कुठल्याशा अर्जाला त्याला अपघाताच्या नोंदीची नक्कल लागत होती. मीच ती शिक्का मारून दिली. शिक्का मारताना कागदावर काय आहे हे वाचायची गोदामपालांत पद्धत नाही. कादरला मराठी वाचता येत नव्हतं, पण त्याची लेक नसीम शाळेत शिक्षिका होती. दुसऱ्या दिवशी तो ती नक्कल घेऊन टेबलाशी उभा राहिला.

“बाबू, नसीमनं वाचून दाखवलं. हे निष्काळजी म्हंजे बेपर्वा ना?”

“अरे, ते सगळ्यांचंच तसं लिहितात. छापील असतं म्हण ना.”

“बाकीच्याईचं मले माहीत नाही. माहं खोडून द्या.”

“खोडून तुला काय मिळणार आहे? दवाखान्याचं बिल वरच्या कार्यालयानं दिलंय ना?”

“मले काही नाही पायजे. थे ओळ खोडून पायजे. चोवीस वर्सं मी अंगठ्याले इचारल्याबिगर टाच नाही टेकवली, बाबू. तुमी पाह्यलं हाय. माहे नातवंडं उद्या हा कागद वाचतीन, तं त्याईले काय समजन? का बुढा बेपर्वा होता.”

मी त्याला नियम सांगितला. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. हे सांगताना माझ्यासमोर साठ्याचं रजिस्टर उघडं होतं, ज्यात उंदरांच्या नावावर घातलेले आकडे मी दर महिन्याला खोडून नव्यानं लिहीत असे. उंदरांसाठी नियम वाकत होता, कादरसाठी ताठ उभा राहिला. तो म्हणाला, “बरं,” कागदाची घडी घातली आणि दाराशी जाऊन पोतं शिवायला बसला. पुन्हा कधी तो विषय त्यानं काढला नाही.

पण त्या वर्षीपासून दर खंडेनवमीला तो घरून एक डबा आणू लागला. पूजा मांडली की तो डबा फळीच्या पायथ्याशी नेऊन ठेवायचा आणि मागे जाऊन उभा राहायचा. पहिल्या वर्षी मी विचारलं, “काय आहे हे?” “राख,” तो म्हणाला. “चुलीतली. असू द्या.” पुढं कुणी विचारलं नाही. हळूहळू पूजेच्या सामानात त्या डब्याची गणना व्हायला लागली. टोळीत नव्यानं आलेल्या एकानं तर त्यालाही हळदकुंकू वाहिलं. मी फळीला तेल लावणं सोडलं होतं. का सोडलं असं कुणी विचारलं तर सांगायचो की तेल फार महाग झालंय.

सेवानिवृत्तीच्या दिवशी माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्रात एक वाक्य होतं: ‘श्री. इंगळे यांच्या संपूर्ण कारकिर्दीत गोदामाच्या चुकीमुळे एकही अपघात घडला नाही.’ खोटं म्हणायची सोय नव्हती. माझ्याच हस्ताक्षरातली रजिस्टरं पाहून ते लिहिलेलं होतं. टाळ्या वाजल्या. मी मागच्या रांगेकडे पाहिलं, तर कादर काठी मांडीवर आडवी ठेवून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. तेवढी टाळी त्यानं वाजवली नसती तर बरं झालं असतं. पुढे कधीही ती शाल अंगावर घेतली की मला ती टाळी ऐकू यायची. म्हणून ती शाल मी मोठ्या सुनेला देऊन टाकली.

आठवडाभरानं मी गोदामात गेलो. ठरवून गेलो होतो. रजिस्टरातला शेऱ्याचा रकाना त्या नोंदीपुढे कोरा होता, हे मला पक्कं आठवत होतं. त्यात लिहायचं, सही करायची, होईल ते होईल. पेन्शनीतल्या माणसाचं धाडस असंच असतं, धोका टळल्यावर येतं. नवे गोदामपाल भले गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की जुनी रजिस्टरं रद्दीत गेली, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कादरची नोंद होती. कारणाच्या जागी एक यादी उघडत होती, त्यातून एक निवडायचं. निष्काळजीपणा, नशापान, आजारपण, इतर. मी म्हटलं, ‘इतर’ करा. ते म्हणाले, “काका, इतर केलं की खुलासा मागते. आणि जुनी नोंद उघडायचा अधिकार आता वरच्या ऑफिसला आहे.” वरच्या कार्यालयाला मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मला नवल वाटलं नाही, एकतीस वर्षं मीही तशा पत्रांना उत्तर दिलेलं नव्हतं.

म्हणून संपादकांचा फोन आल्यावर मी हो म्हणालो. इथं खोडायला रजिस्टर नाही आणि निवडायला यादी नाही. तेव्हा आता छापील लिहून देतो: त्या सकाळी कादर शेख निष्काळजी नव्हता. फळीला तेल मी लावलं होतं. त्यानं राख टाकू का म्हणून विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो.

लेख इथं संपायला हवा होता. पण पाठवण्याआधी कादरला वाचून दाखवावा असं वाटलं. गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर खाटेवर बसला होता, काठी भिंतीला टेकवलेली. नसीमनं चहा आणला आणि दाराशी उभी राहून तीही ऐकू लागली. मी पहिल्यापासून वाचलं. बुटांचं आलं तिथं तो हसला. तेलाचं आलं तेव्हा डोळे मिटून घेतले. वाचून झाल्यावर मी कागदांची घडी घातली.

मी म्हणालो, “कादरभाई, काही राहिलं का?” आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याच्या नावाला भाई जोडलं होतं. त्याच्या ते लक्षात आलं असावं, पण त्यानं तसं दाखवलं नाही.

“एक राह्यलं, बाबू. मी राख काऊन नाही टाकली, थे नाही लिव्हलं तुमी.”

“मी नको म्हणालो म्हणून.”

“तुमी तं रोजच काही ना काही नको म्हनाचे. तुळशीराम कधी ऐके का तुमचं? त्यानं ‘हाव बाबू’ म्हटलं असतं आन तुमची पाठ फिरली का टाकली असती मूठभर.” त्यानं भिंतीची काठी मांडीवर घेतली. “मले बी टाकता आली असती. तुमी पावत्या फाडून राह्यले होते, तुमाले पता बी नसता लागला. पन तुमच्या पूजेच्या फळीवर राख, आन थे बी कादर शेखनं टाकलेली. कोनी पाह्यलं असतं तं काय म्हटलं असतं? कोनी काही म्हटलं नसतं तरी माह्या मनाले कसं वाटलं असतं? तुमी सारे इतक्या खुशीत होते. मंग म्या म्हटलं, जाऊ दे, आपनच सांभाळून चढू.”

दारात नसीम खाली बघत होती. इतकी वर्षं मी समजत होतो की माझी चूक तेलाची आणि त्या एका वाक्याची. त्याच्या पाठीवर त्या दिवशी पोत्याखेरीज आणखीही काही होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पूजेला तो मागे उभा राहायचा याचं कुणाला विशेष वाटत नसे, असं वर मीच लिहून बसलोय. ते वाक्य मी खोडलेलं नाही, तसंच राहू दिलंय.

“काय लिहू मग?” मी विचारलं. “कारण काय लिहू?”

“लिहाज,” कादर म्हणाला. “लिहाज लिवा. समोरच्याचं मन राखाले मानूस आपली गोष्ट गिळून टाकते ना, थे. लिहाजापायी पडला म्हना. बेपर्वाईनं नाही.”

चहा निवला होता. तो पिऊन मी घरी आलो आणि हे शेवटचं पान जोडलं. लिहिता लिहिता सवयीनं मी दोन बोटं कागदावर ठेवून पाहिली. तीन अक्षरांचा शब्द. दीड बोटाच्या रकान्यात तो एका ओळीत बसला असता.